इंगवले सरांचे पेपर

१४ जून १९९९, सोमवार
शाळा सुरू. वेळापत्रक लागलं, त्यात वाचनालयाचा तास नाही. मोठ्या बाईंना विचारायला गेले (मुख्याध्यापिकेला इथं सगळे मोठ्या बाईच म्हणतात). त्या म्हणाल्या, संगणकाला तास द्यायला वरून सांगितलंय, तो कुठून काढू? बरोबर आहे. कुठून काढणार.
सहा वर्षं झाली मला इथं. हजेरीपत्रकात माझं नाव शिक्षकांच्या खाली आणि क्लार्कच्या वर, मध्ये एक ओळ मोकळी सोडून.
मे महिन्यातल्या प्रशिक्षणात सांगितलेलं की ग्रंथपालानं शिक्षकांबरोबर बसून पाठ तयार करावेत. म्हणून आज एक कागद लिहून शिक्षकखोलीत टेबलावर ठेवला. ‘या महिन्यात आपण कोणता पाठ घेणार ते कळवावे, त्यावरची पुस्तकं काढून ठेवीन.’ खाली नावं आणि सहीला जागा.

१८ जून
कागदावर चहाच्या कपाचे दोन गोल. सही एकही नाही. देसाई बाई हसत हसत म्हणाल्या, आता तुम्ही आमचे पाठ तपासणार होय? सगळे हसले. मीही हसले. कागद घडी घालून परत आणला.
संध्याकाळची कागल गाडी चुकली.

२ जुलै, शुक्रवार
मधल्या सुट्टीनंतर इंगवले सर वाचनालयात आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. नववीला इतिहास शिकवतात, एकतीस वर्षं नोकरी झालेली, व्हरांड्यातून नुसते गेले तरी वर्ग गप्प होतात. पुस्तक न उघडता शिकवतात, ही त्यांची सगळ्या शाळेत ख्याती.
म्हणाले, चष्मा दुरुस्तीला टाकलाय, औद्योगिक क्रांतीचा पाठ जरा वाचून दाखवता का?
वाचला. डोळे मिटून ऐकत होते. मध्येच थांबवून एक परिच्छेद परत वाचायला लावला. जाताना म्हणाले, तुम्ही चांगलं वाचता. कुठं शिकलात?
सांगितलं, लहानपणी दर रविवारी बुद्धविहारात वडील मला वाचायला उभं करायचे. पंचवीस-तीस माणसं बसलेली असायची, बऱ्याच जणांना वाचता यायचं नाही. सर हं म्हणाले.

८ जुलै
चष्मा अजून आला नाही. आज चौथ्यांदा आले. आज मीच धीर केला. म्हटलं, सर, गिरण्यांत काम करणाऱ्या मुलांवर आपल्याकडं एक जुनं पुस्तक आहे, चित्रं आहेत. म्हणाले, वाचा. अर्धा तास वाचलं. मग स्वतःच म्हणाले, उद्या ९ ब ला इथंच घेऊन येतो.
९ ब. वाचनालयात. अख्खा वर्ग.

९ जुलै
आले. बाकं पुरली नाहीत, मुली खाली बसल्या. सरांनी प्रश्न विचारायचा आणि मी त्याचं पुस्तक काढून मुलीच्या हातात द्यायचं, असं आम्ही ठरवलेलं. दोनदा मी चुकीचं काढलं. सर थांबले, ओरडले नाहीत.
रुखसाना शिकलगार म्हणून एक बारकी मुलगी आहे. तिनं सांगितलं, आमच्या आज्ज्याचं धार लावायचं चाक पायानं फिरायचं, आता अब्बांनी मोटर बसवली, तर आज्ज्याला काय कामच उरलं न्हाई, नुसता बसून असतो. सर म्हणाले, हाच पाठ. बसा सगळ्यांनी, आज पुस्तकाची गरज नाही.
घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बरं झालं की. त्यांना काय कळणार.

२६ जुलै
कळलं.
पुस्तक नेल्याची सही करायला रजिस्टर पुढं केलं, सरांनी सही रकान्याच्या बाहेर केली, टेबलाच्या लाकडावर शेवटची दोन अक्षरं. मग चहाचा कप. हात टेबलावरून सरकवत कपापर्यंत नेला.
मी म्हटलं, सर, चष्म्याचं नाही ना हे?
हात कपावरून मागं घेतला. मग म्हणाले, काचबिंदू. कडेचं सगळं गेलं, मधलं नळीतून बघितल्यासारखं आहे, तेही आता धुरकट होत चाललंय. गेलेलं परत येत नाही, डॉक्टरनं स्वच्छ सांगितलंय. थेंब घालायचे, आहे ते टिकलं तर टिकलं.
‘कुणाला सांगू नका, बाई. तीन वर्षं राहिलीत माझी.’
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

२० ऑगस्ट
महिनाभर रोज एक तास. मी वाचते, सर पाठ उभा करतात, मी त्याला लागणारी पुस्तकं काढते. आता ९ अ पण येतो. देसाई बाईंनी परवा विचारलं, कवितेच्या तासाला काही मिळेल का? मिळेल म्हटलं, आणि मिळालंही.
जे जूनमध्ये कागदावर मागत होते ते सगळं मिळतंय. आणि एका माणसाला दिसत नाही म्हणून मिळतंय. याचा आनंद करायचा की नाही कळत नाही.

७ सप्टेंबर
घटक चाचणीचे पेपर. दोन तुकड्या. सर म्हणाले, तुम्ही वाचा, मी मार्क सांगतो, तुम्ही लिहा. मी म्हटलं, सर, मला हा अधिकार नाही. म्हणाले, अधिकार माझाच आहे, हात फक्त तुमचा.
मोठ्यानं वाचायचं म्हणून दार लावून बसलो. दोन ओळी वाचल्या की ओळखायचे. ही शिंदेची, अर्ध्यात वाक्य सोडते. ही पाठ करून आलीय, तिला मध्येच तोडून विचारलं तर रडेल. रुखसानाचा पेपर वाचला तेव्हा सर नुसतं ऐकत राहिले. पंधरापैकी चौदा. एक मार्क कशाचा कापला विचारलं. अक्षर फार बारीक असणार हिचं, म्हणाले, तुम्ही अडखळत होता.

१६ सप्टेंबर
दत्तू मामा घंटा देऊन आला आणि दारात घुटमळला. शिपाई आहे, पण शाळेत सगळ्यांत आधी सगळं त्याला कळतं.
‘बाई, दार उघडं ठेवत जावा. मी म्हणत न्हाय. लोकं म्हणत्यात.’
कोण लोकं ते विचारलं नाही. सर माझ्या वडलांच्या वयाचे. पण ते कुणाला सांगत बसू.

१७ सप्टेंबर
सरांना सांगितलं. मान खाली घालून ऐकलं. म्हटलं, दार उघडं ठेवून पाठ वाचेन, पण पेपर नाही जमायचे, व्हरांड्यात सगळं ऐकू जातं. आणि सहामाहीचे पेपर मी बघणार नाही.
बरोबर आहे तुमचं, म्हणाले. मी भिंग घेतलंय, घरी सावकाश करीन.
मला वाटलेलं, जरा आग्रह करतील. केला नाही.

२२ ऑक्टोबर
सहामाही संपली. इंगवले सर पेपरचे गठ्ठे पिशवीत घालून घरी निघाले. फाटकापर्यंत मी बरोबर गेले, पायरीपाशी हळूच ‘पायरी’ म्हटलं. मला माहीत आहे, म्हणाले, जरा तुटकच.

२४ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. पेपर वाटले.
चौथ्या तासाला रुखसाना वाचनालयात आली. पुस्तक मागितलं नाही, बदललं नाही. कपाटापाशी नुसती उभी. काय गं, विचारलं तर पेपर पुढं केला. साठपैकी चौदा.
‘बाई, मी पुरवणी जोडलेलो की. दोन.’
दोन्ही पुरवण्या होत्या, पाठीमागं दोऱ्यानं बांधलेल्या. त्यांवर लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही. मुख्य पेपरात पहिली दोन पानं तपासलेली, तिसऱ्यावर एक बरोबरची खूण, तीही ओळीच्या मध्येच.
म्हटलं, सरांना दाखव. म्हणाली, दाखवला. सर म्हणाले, नीट लिहायला शिक.
मी तिचा पेपर वाचला, सगळा, पुरवण्यांसकट. ती समोर उभीच होती. घंटा झाली, गेली.

२५ नोव्हें.
मोजले. म्हणजे मुलींना बोलावून, सहज दाखवा म्हणून, पाहिले. ९ ब मध्ये पुरवणी लावलेल्या अकरा जणी. अकराही जणींच्या पुरवण्या तपासायच्या राहिल्यात. बाकीच्यांचं फारसं बिघडलं नाही, त्यांनी मुख्य पेपरातच बरंच लिहिलंय. रुखसानाचे लांबलचक प्रश्न सगळे पुरवणीत.
सप्टेंबरात मी नाही म्हटलं म्हणून हे.

३ डिसेंबर
रुखसानाचे वडील आले होते. धार लावायचं यंत्र सायकलवर बांधलेलं, ते फाटकाबाहेर लावून आले. मोठ्या बाईंनी इंगवले सरांना बोलावलं. मी पुस्तकांच्या बिलावर सही घ्यायला गेलेली, तिथंच उभी.
शिकलगार हात जोडून बोलत होते. ‘मार्क वाढवा म्हणत न्हाय मी. कुठं चुकलं तेवढं दावा पोरीला, म्हंजे ती सुधारंल.’
सर म्हणाले, तिचं तिला सांगितलंय. मार्क बरोबर आहेत.
शिकलगारांनी एकदा मोठ्या बाईंकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग बरं म्हणाले. पेपर नीट घडी घालून खिशात ठेवला आणि गेले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, गाडीत
मोठ्या बाईंनी नंतर मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, तुम्ही दोघं बरोबर काम करता. मला खरं सांगा, सरांना दिसतं ना?
मला माहीत नाही, म्हटलं.
त्यांनी विश्वास ठेवला असं वाटलं नाही. पण पुढं विचारलंही नाही. त्यांनाही ठाऊक असून ऐकायला नको असावं.

९ डिसेंबर
रुखसानानं अक्षर बदललं. पाठ झाल्यावर मुली वाचनालयात टिपणं काढतात, तेव्हा पाहिलं. दोन ओळींमध्ये एक ओळ, एकेक अक्षर बोराएवढं. एका पानात सहा ओळी बसतात. म्हटलं, अगं, हे काय? म्हणाली, अक्षरच बारीक होतं बाई माझं, सर बरोबर म्हणाले.
हात दुखतो का विचारलं. हो म्हणाली.

१० डिसें., शुक्रवार
आज सांगितलं सरांना. दार उघडं होतं, हळू आवाजात सांगितलं. अकरा जणींच्या पुरवण्या. रुखसानाचा पेपर. तिचं अक्षर.
त्यांना पुरवणी जोडलेली आहे हेच कळलं नव्हतं. शेवटचं पान हाताला लागलं की संपलं समजायचे.
टेबलावर दोन्ही हात ठेवून बसले. मग म्हणाले, तुम्ही त्या दिवशी ऑफिसात होता. तेव्हाच का नाही बोललात?
मला राग आला. साडेचार महिने गप्प बसायला मला कुणी सांगितलं? पण बोलले नाही. तोंडावर बोलणं मला जमत नाही, तेवढंच शिकायचं राहिलंय.

१३ डिसेंबर
९ ब चा तास. सरांनी रुखसानाला उभं केलं, सहामाहीचा पेपर मोठ्यानं वाच म्हणाले. मी मागच्या बाकावर होते. ती वाचत राहिली, दोन्ही पुरवण्या. पाऊण तास. वर्ग चळवळ करायला लागला तेव्हा सरांनी नुसतं हूं केलं.
संपल्यावर म्हणाले, साठपैकी एकावन्न. चूक माझी होती, तुझी नाही. अक्षर होतं तसंच काढ.
ती खाली बसली आणि बाकावर डोकं ठेवलं.

१४ डिसेंबर
पण गुणपत्रक ऑफिसात गेलंय. दुरुस्ती करायची तर लेखी कारण पाहिजे. अकरा जणींचं.
सर म्हणाले, लिहून देतो. काय लिहिणार विचारलं. म्हणाले, तुम्ही लिहा, मी सांगतो. ‘नजरचुकीने पुरवण्या तपासावयाच्या राहिल्या.’ नजरचुकीने म्हटल्यावर दोघंही थांबलो. तोच शब्द ठेवला. सही कुठं करायची ते बोट धरून दाखवलं.

११ जानेवारी २०००
अकरा जणींचे मार्क दुरुस्त झाले. रुखसानाचे एकावन्न.
त्याच अर्जावरून संस्थेनं सरांना पत्र दिलं, सरकारी दवाखान्यातून डोळ्यांचा दाखला आणा. मोठ्या बाई मला म्हणाल्या, माझ्या हातात नाही काही. त्यांचा चेहरा खरंच उतरलेला. त्या सरांच्याच विद्यार्थिनी, हे मला आजच कळलं.

२४ जानेवारी
सर सक्तीच्या रजेवर. नववीचा इतिहास तात्पुरता देसाई बाईंकडं. त्या आल्या आणि म्हणाल्या, मला इतिहास येत नाही हो, सर कसं करायचे ते सांगा. दोघी बसलो. जुलैतली टिपणं काढली. देसाई बाई मनापासून करतात. वाचनालय भरलेलंच आहे. फक्त मुली प्रश्न विचारून दाराकडं बघतात.

२ फेब्रुवारी
सरांच्या घरी गेले. रोजचा पेपर तरी वाचून दाखवावा म्हणून. काकूंनी चहा केला. सर म्हणाले, वाचनाचं नको, शाळेचं सांगा. देसाई बाईंचं सांगितलं. कुठला पाठ चाललाय, कुठलं पुस्तक काढलं, सगळं विचारलं. चूक काढली एक. मी लिहून घेतली.
निघताना काकू दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, तुम्ही आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, ह्याचाच विचार करते मी.
मीही तोच करते.

७ फेब्रुवारी, सोमवार
आता मला पत्र. संस्थेचं. सरांच्या दृष्टीबाबत आपणास केव्हापासून माहिती होती? उत्तरपत्रिका तपासण्यात आपला सहभाग होता काय? गुरुवारी अकराच्या आत लेखी खुलासा.
मोठ्या बाईंनी तोंडी आणखी एक सांगितलं. सर पुढं काम करू शकतील का, याबद्दल तुमचं मतही लिहा. बाकी कुणी त्यांच्याबरोबर काम केलेलं नाही, संस्था तुमचं बघेल.
सहा वर्षांत माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

८ फेब्रुवारी
मो. बाईंना विचारून पाहिलं. सरांनी वर्ग घ्यायचे, पेपर मी वाचायचे, मोठ्या बाईंसमोर, दार उघडं टाकून. असं चालणार नाही का? त्या म्हणाल्या, तसं पद नाही, तसा नियम नाही. मग म्हणाल्या, कांबळे बाई, मला जमण्यासारखं असतं तर...
आणि समोरची फाइल ओढली.
घरी हे म्हणाले, तू कुठं अडकतेस त्यात? माहीत नव्हतं म्हणून लिही आणि मोकळी हो. ह्यांचं चुकत नाही. माझी नोकरी गेली तर घर कसं चालायचं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही एवढंच.

९ फेब्रुवारी, बुधवार
लिहिलं. सकाळी चार वेळा, शेवटी हेच ठेवलं. जुलैपासून माहीत होतं. घटक चाचणीचे पेपर मी वाचले, मार्क सरांनी दिले. सहामाहीला मी नकार दिला. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. शेवटी मत: ‘सर शिकवू शकतात. पेपर तपासू शकत नाहीत.’
शाळा सुटल्यावर सर वाचनालयात आले. काकू फाटकापाशी रिक्षात. रजेवर असताना येऊ नये, तरी आले. दत्तू मामानं हाताला धरून आणलं आणि दार सताड उघडं ठेवून गेला.
म्हणाले, काय लिहिलंत ते वाचा.
मी वाचलं. स्वतःचं सगळं वाचलं, खोटं बोलले तेही. मी शेवटच्या ओळीवर आले. ‘सर शिकवू शकतात.’ तिथं थांबले.
सर म्हणाले, शेवटचं परत वाचा.
‘सर शिकवू शकतात.’
‘एवढंच?’
‘एवढंच.’
सरांनी हात पुढं केला. कागद दिला. उठून खिडकीपाशी गेले, उजेडात डोळ्याजवळ धरला, जरा लांब नेला, परत जवळ आणला. कागद उलटा धरला होता. मी सांगितलं नाही. पुष्कळ वेळ तसेच उभे होते. मग घडी घालून माझ्या हातात दिला. बरं, म्हणाले.
उद्या अकराच्या आत ऑफिसात द्यायचाय. दुसरं वाक्य, पेपर तपासण्याचं, खोडलेलं नाही अजून. ठेवलंय असंही नाही.